एकच मॉनिटर, तीन संगणक: केव्हीएम स्विच घेण्याआधी काय पाहावं

प्रश्न असा आहे: घरी २७ इंची ४के मॉनिटर आहे, ६० हर्ट्झचा. त्याला दोन एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट. टेबलावर ऑफिसचा विंडोज लॅपटॉप, स्वतःचा मॅक मिनी आणि लिनक्स टाकलेला जुना डेस्कटॉप. की-बोर्ड, माऊस, हेडसेट, वेबकॅम एकेकच. सगळं एका बटणावर फिरवायचं आहे. ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला केव्हीएम स्विच (एकच की-बोर्ड, मॉनिटर आणि माऊस अनेक संगणकांत फिरवणारा खोका) चालेल का, की महागडाच घ्यावा लागेल?

ऑफिसं, स्टुडिओ आणि घरच्या सेटअपसाठी असे स्विच बसवून देणं हे माझं रोजचं काम आहे. माझं पहिलं सांगणं असं की स्विच शोधण्याआधी मॉनिटरच्या पाठीमागे बघा. तुमच्याकडे तीन संगणक आहेत आणि मॉनिटरला तीन पोर्ट आहेत. म्हणजे चित्र बदलण्याचा स्विच मॉनिटरच्या पोटातच आहे, त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेत. तिन्ही संगणक थेट मॉनिटरला जोडा. मग उरतं ते फक्त की-बोर्ड, माऊस आणि बाकीच्या यूएसबी वस्तू फिरवणं. त्याला साधा यूएसबी स्विच पुरतो. तो पूर्ण केव्हीएमपेक्षा बराच स्वस्त असतो आणि बिघडण्यासारखं त्यात फार काही नसतं. चित्राचा सिग्नल मधल्या कुठल्याही खोक्यातून जात नाही, त्यामुळे चित्राच्या तक्रारींपैकी बहुतेक उद्भवतच नाहीत.

मॉनिटरच्या मागे यूएसबीची चौकोनी बी-पोर्ट आणि टाइप-सी असे दोन ‘अपस्ट्रीम’ (संगणकाकडे जाणारे) पोर्ट असतील, तर मेनूमध्ये केव्हीएम नावाचा पर्याय आहे का तेही पाहा. डेलच्या अल्ट्राशार्पसारख्या ऑफिससाठीच्या अनेक मॉनिटरांत तो असतो. इनपुट बदललं की मॉनिटरच्या हबला, म्हणजे त्याच्यावरच्या यूएसबी पोर्टांना, लावलेला की-बोर्डही त्या संगणकाकडे जातो. लोक वर्षानुवर्षं असा मॉनिटर वापरतात आणि ही सोय त्यांना ठाऊकही नसते. अर्थात ती बहुतेक ठिकाणी दोन संगणकांपुरतीच असते.

आता तुम्ही म्हणाल, मॉनिटरच्या मागची ती बारीक बटणं दर वेळी चाचपडत कोण बसणार? बरोबर आहे. पण ते काम संगणकाकडून करून घेता येतं. चित्राच्या केबलमधूनच डीडीसी/सीआय नावाची एक बारीक वाट जाते, तिच्यावरून संगणक मॉनिटरला हुकूम देऊ शकतो: ब्राइटनेस कमी कर, इनपुट बदल. लिनक्सवर डीडीसीयूटिल, विंडोजवर कंट्रोलमायमॉनिटर, मॅकवर बेटरडिस्प्ले ही साधनं हेच करतात. त्याहून सोयीचं म्हणजे डिस्प्ले-स्विच नावाचा छोटा मुक्त प्रोग्राम. तो यूएसबीवर लक्ष ठेवतो. तुमचा की-बोर्ड या संगणकाकडे आला असं दिसताच तो मॉनिटरला आपल्या इनपुटवर यायला सांगतो. म्हणजे यूएसबी स्विचचं बटण दाबलं की मागोमाग चित्रही येतं.

यात दोन खाचखळगे आहेत. काही मॉनिटर फक्त चालू असलेल्या इनपुटवरूनच हुकूम ऐकतात. तसं असेल तर निघणाऱ्या संगणकाने हुकूम द्यावा लागतो, आणि संगणक तीन असले की आपण कुठे चाललोय हे त्याला कळत नाही. दोन संगणकांत ही अडचण येत नाही, तिनांत येते. आणि दुसरं, पहिल्या एम१ मॅक मिनीच्या एचडीएमआय पोर्टवरून बऱ्याच प्रोग्रामांचा हा हुकूम जात नाही, टाइप-सी पोर्टवरून डिस्प्लेपोर्टला जोडला तर जातो. म्हणून खर्च करण्याआधी तिन्ही संगणक जोडून एका संध्याकाळी हे तपासून घ्या. मॉनिटरच्या मेनूत डीडीसी/सीआय चालू आणि ‘ऑटो इनपुट’ बंद ठेवा, नाहीतर एखादा संगणक झोपेतून उठला की मॉनिटर आपणहून तिकडे उडी मारतो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीच टाकायला परवानगी नसेल, तर तिथे बटण हाताने दाबावं लागेल. कंपनीच्या मशीनवर आडवाटेने प्रोग्राम टाकू नका, इतक्या छोट्या सोयीसाठी ते करण्यात अर्थ नाही.

हे जमलं नाही, किंवा एकच बटण हवं हा तुमचा हट्टच असेल, तर खरा केव्हीएम घ्या. हट्ट म्हणतोय, पण तो रास्त आहे. दिवसातून वीस वेळा इकडून तिकडे जाणाऱ्या माणसाला तो हवाच. मात्र तो निवडताना लोक पोर्ट मोजतात आणि किंमत बघतात. मी सगळ्यात आधी एक गोष्ट बघतो: स्विच दुसरीकडे फिरल्यावर मागे राहिलेल्या संगणकाला तो काय सांगतो?

हे जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक मॉनिटरमध्ये स्वतःची माहिती साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ तुकडा फक्त १२८ बाइटचा. त्यात कंपनी, मॉडेल, कोणतं रिझोल्यूशन किती हर्ट्झवर चालतं हे लिहिलेलं असतं. केबल लावली की मॉनिटर एका वेगळ्या तारेवरून ‘मी आलो’ असा इशारा देतो, त्याला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. मग संगणक ईडीआयडी वाचतो आणि त्यानुसार चित्र पाठवतो. स्वस्त स्विच काय करतो, तर फिरताना या सगळ्या तारा सरळ तोडतो. मागे राहिलेल्या संगणकाच्या दृष्टीने मॉनिटर कुणीतरी उपटून नेलेला असतो.

पुढचा गोंधळ मग ठरलेला. लॅपटॉपवरच्या सगळ्या खिडक्या त्याच्या छोट्या पडद्यावर गोळा होतात आणि परत आल्यावर त्या जागेवर जातीलच असं नाही. विंडोज ११ मध्ये मॉनिटरनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची सेटिंग आहे, तिने बराच फरक पडतो, पण पूर्ण भागत नाही. लॅपटॉप झाकण बंद करून ठेवला असेल तर आणखी वाईट. बाहेरचा मॉनिटर गेला, झाकण बंद आहे, म्हणजे काम संपलं असं समजून लॅपटॉप झोपी जातो. व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी असलेला जोड, तुटतं, चालू असलेली मीटिंग बंद पडते. आणि डेस्कटॉप सुरू होताना स्विच दुसरीकडे असेल तर त्याला मॉनिटर दिसतच नाही, तो कुठल्यातरी जुन्यापुराण्या रिझोल्यूशनवर उठतो किंवा पडदा काळाच राहतो. जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हे फार दिसतं. मॉनिटर नसताना तो सुरू झाला तर एचडीएमआय बंदच ठेवतो, आणि मग त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये हॉट प्लगची सक्ती करणारी ओळ लिहावी लागते.

चांगला स्विच मॉनिटरचा ईडीआयडी स्वतःकडे उतरवून घेतो आणि प्रत्येक संगणकाला सतत दाखवत राहतो. कुणाला वाटतच नाही की मॉनिटर गेला. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात याला ‘ईडीआयडी एम्युलेशन’ म्हणतात. हे शब्द नसतील तर तो स्विच मी घेत नाही, मग त्याला आठ पोर्ट असोत की रंगीत दिवे. डिस्प्लेपोर्टच्या बाबतीत तर मी आणखी काटेकोर असतो. तिथे इशारा गेला की संगणक मॉनिटर ताबडतोब यादीतून काढून टाकतो, आणि डिस्प्लेपोर्टवर हे एम्युलेशन नीट करणारे स्विच एचडीएमआयच्या मानाने कमी आणि महाग असतात. ६० हर्ट्झच्या ४के मॉनिटरला डिस्प्लेपोर्टचा आग्रह धरण्याची गरज नाही. एचडीएमआय २.० ने काम होतं.

आधीच एखादा स्विच घेऊन बसलेल्यांसाठी: संगणक आणि स्विच यांच्या मध्ये बसणारा छोटा ईडीआयडी एम्युलेटर वेगळा मिळतो, एका बाजूला मेल आणि दुसऱ्या बाजूला फिमेल टोक असलेला. झोपी जाणाऱ्या लॅपटॉपला तो लावला की त्याला मॉनिटर कायम दिसतो. ‘डमी प्लग’ नावाची जी वस्तू मिळते ती वेगळी, तिच्यातून चित्र पुढे जात नाही. दुकानदार पुष्कळदा हातात दुसरीच ठेवतो, तेव्हा दोन्ही टोकं बघून घ्या.

आता चित्राच्या सिग्नलला लागणारी क्षमता. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, म्हणजे नुसत्या चित्राचेच सेकंदाला जवळपास १२ गिगाबिट होतात. एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट, त्यातही चित्राच्या वाट्याला सुमारे ८.२ येतात. म्हणून तिथे ४के फक्त ३० हर्ट्झवर चालतं. माऊस हलवला की तो मागे रेंगाळल्यासारखा वाटतो, दिवसभर त्यावर काम करवत नाही. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट, तिच्यात ६० हर्ट्झ बसतं. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्येही बसतं.

इथे विक्रेत्यांची एक युक्ती ओळखायला शिका. खोक्यावर ‘४के ६० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं आणि तो दावा खोटाही नसतो, पण स्विच जुन्या क्षमतेचाच असतो. ६० हर्ट्झ त्यात बसवण्यासाठी रंगांची माहिती चौथ्या हिश्शावर आणली जाते. त्याला ४:२:० म्हणतात. सिनेमा बघताना हे कळत नाही. पण काळ्या पार्श्वभूमीवर लाल किंवा निळी बारीक अक्षरं वाचायला घ्या, कडा पुसट आणि घाणेरड्या दिसतात. कोड लिहिणारा, एक्सेलमध्ये राहणारा किंवा देवनागरी टाइप करणारा माणूस आठवड्याभरात डोळे दुखतात म्हणून तक्रार करतो आणि दोष मॉनिटरला देतो. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरांचे बारीक काने यांना याचा चांगलाच फटका बसतो. तेव्हा माहितीपत्रकात ४के ६० हर्ट्झच्या शेजारी ‘४:४:४’ (म्हणजे रंगांची माहिती न कापता) आणि ‘१८ गिगाबिट’ हे दोन्ही आकडे दिसले तरच पुढे जा. ‘एचडीएमआय २.१’ असं नुसतं लिहिलेलं असेल तर त्यावरही विसंबू नका. २.१ मधल्या बऱ्याच गोष्टी ऐच्छिक आहेत, त्यामुळे ते नाव लावलेल्या प्रत्येक वस्तूत ४८ गिगाबिट असतातच असं नाही. नावापेक्षा आकडा मागा.

मॅकवर अक्षरं पुसट दिसण्याचं आणखी एक कारण असतं. एचडीएमआयवरून जोडलेल्या काही मॉनिटरांना मॅक टीव्ही समजतो आणि रंग टीव्हीच्या पद्धतीने पाठवतो. म्हणून स्विचला दोष देण्याआधी मॅक थेट जोडून बघा.

तुमच्या जुन्या डेस्कटॉपकडेही लक्ष द्या. इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीपर्यंतच्या बऱ्याच मदरबोर्डांवरचा एचडीएमआय पोर्ट १.४ चा असतो, म्हणजे स्विच कितीही चांगला घेतला तरी तिथून ३० हर्ट्झच येणार. त्याच बोर्डावर डिस्प्लेपोर्ट असेल तर त्यावरून ६० मिळतात. एचडीएमआयच्या स्विचला तो जोडायचा तर डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अशी अ‍ॅक्टिव्ह केबल घ्या, जिच्यावर ४के ६० स्पष्ट लिहिलंय अशी. आणि हे लक्षात ठेवा की या केबल एकाच दिशेने चालतात. संगणक डिस्प्लेपोर्टचा आणि पुढे एचडीएमआय हे सोपं असतं. उलट, म्हणजे संगणक एचडीएमआयचा आणि पुढे डिस्प्लेपोर्ट, याला वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत केबल घेताना कुठलं टोक कुठे लावणार हे दुकानदाराला आधी सांगा.

स्विच आला की केबल दोन झाल्या, एक संगणकापासून स्विचपर्यंत आणि दुसरी स्विचपासून मॉनिटरपर्यंत. सिग्नलला दोन्ही पार कराव्या लागतात. मी दोन्ही दीड मीटरच्या आत ठेवतो आणि १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’चं प्रमाणपत्र असलेल्याच घेतो. मधूनच पडदा सेकंदभर काळा होणं, पांढरे ठिपके चमकणं हे जवळजवळ नेहमी केबलचं दुखणं असतं. स्विच परत पाठवण्याआधी केबल बदलून पाहा.

यूएसबीची बाजू लोक किरकोळ समजतात, पण रोजचा त्रास तिथूनच होतो. बहुतेक केव्हीएमवर दोन तऱ्हेचे यूएसबी पोर्ट असतात. की-बोर्ड आणि माऊस अशी चित्रं काढलेले दोन पोर्ट आणि बाकीचे साधे हबचे पोर्ट. चित्रवाल्या पोर्टांवर स्विच स्वतःच प्रत्येक संगणकासमोर की-बोर्ड बनून उभा राहतो. त्यामुळे बदल क्षणात होतो, संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, जाण्यासाठी डिलीट दाबलं तर ते पोहोचतं, आणि स्क्रोल लॉक दोनदा दाबून फिरवण्यासारख्या हॉटकी चालतात. तोटा असा की गेमिंग माऊसची जादा बटणं, मेकॅनिकल की-बोर्डच्या खास कळा आणि वायरलेस माऊस-की-बोर्डचं छोटं यूएसबी डोंगल तिथे पुष्कळदा नीट चालत नाहीत. डोंगल साध्या हबच्या पोर्टला लावा. मग बदल व्हायला दोन-तीन सेकंद लागतील आणि हॉटकी जातील, पण माऊस पूर्ण चालेल. हॉटकी हव्याच असतील तर तुमच्या की-बोर्डवर स्क्रोल लॉक आहे का ते आधी बघा. लहान आकाराच्या आणि मॅकच्या की-बोर्डवर ती नसते. म्हणून टेबलावर ठेवायचं वायरचं वेगळं बटण ज्याच्यासोबत येतं तो स्विच मला जास्त पसंत आहे.

वेबकॅम आणि हेडसेट केव्हीएमला लावू नका, असं मी स्पष्टच सांगतो. मीटिंग चालू असताना दुसऱ्या संगणकावर काहीतरी बघायला गेलात की कॅमेरा आणि आवाज दोन्ही तुटतात. काही महाग स्विचमध्ये की-बोर्ड एकीकडे आणि यूएसबी हब दुसरीकडे असं वेगवेगळं फिरवता येतं. तो नसेल तर वेबकॅम सरळ ऑफिसच्या लॅपटॉपला द्या, मीटिंग तिथेच होतात. हेडसेट ब्लूटूथचा घ्या, एकाच वेळी दोन उपकरणांना जोडला जाणारा.

घरात कुणी सीए किंवा जीएसटीचं काम करणारं असेल तर हेही वाचून ठेवा. डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन केव्हीएमच्या हबला कधीच लावू नये. स्विच फिरला की टोकन उपटल्यासारखा होतो, पुन्हा पिन मागतो, आणि रिटर्न भरताना मध्येच असं झालं तर पोर्टलवर सगळं पहिल्यापासून करावं लागू शकतं. टोकन ज्या संगणकावर लागतो त्याच्याच पोर्टात राहू द्या. पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क यांचंही तसंच. फाइल लिहिली जात असताना बटण दाबलं गेलं तर ती खराब होऊ शकते. शिवाय हबला विसरलेला घरचा पेन ड्राइव्ह स्विच फिरवताच ऑफिसच्या लॅपटॉपला जोडला जातो, आणि कंपनीच्या सुरक्षा यंत्रणेत त्याची नोंद होऊन तुम्हाला विचारणा येऊ शकते.

विजेचं थोडक्यात. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला स्विच घ्या. फक्त यूएसबीवर चालणारा स्विच सगळे संगणक बंद झाले की स्वतःही बंद पडतो आणि ईडीआयडीचं सोंग तिथेच संपतं. अ‍ॅडॉप्टर यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. मॉनिटर आणि डेस्कटॉप यूपीएसवर, पण केव्हीएम भिंतीच्या सॉकेटवर, असं मी खूप घरांत बघतो. मग लाइट गेली की सगळं चालू असूनही पडदा काळा होतो.

नुसता की-बोर्ड-माऊस वाटून घेणारे प्रोग्राम असतात, पॉवरटॉइजमधलं माऊस विदाउट बॉर्डर्स, इनपुट लीप, अ‍ॅपलचं युनिव्हर्सल कंट्रोल. ते उत्तम आहेत, पण प्रत्येक संगणकाला स्वतःचा पडदा आहे असं ते धरून चालतात. तुमचा मॉनिटर एक आहे, तेव्हा ते तुमच्या कामाचे नाहीत.

माझ्या मते तुमचा क्रम असा असावा. आधी तिन्ही संगणक थेट मॉनिटरला लावा. डेस्कटॉपचा एचडीएमआय ३० हर्ट्झचा निघाला तर डिस्प्लेपोर्ट त्याला द्या, लॅपटॉप आणि मॅक एचडीएमआयवर घ्या. चार संगणक जोडता येणारा यूएसबी स्विच घ्या आणि डिस्प्ले-स्विच चालतो का ते बघा. मॅक एम१ असेल, एचडीएमआयवर असेल आणि त्याचा हुकूम जात नसेल, तर त्याच्याकडे येताना मॉनिटरचं बटण हाताने दाबून चालतंय का हे दोन आठवडे अनुभवा. नाही जमलं, तरच चार पोर्टचा, ईडीआयडी एम्युलेशन असलेला, ४के ६० हर्ट्झ ४:४:४ लिहिलेला, स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा एचडीएमआय केव्हीएम घ्या. तीन पोर्टचे स्विच कमी मिळतात, आणि चौथा पोर्ट पाहुण्याच्या लॅपटॉपला कामी येतो.

घ्याल तेव्हा परत करण्याची मुदत बघूनच घ्या, आणि त्या मुदतीत पुढच्या गोष्टी करून पाहा. लॅपटॉपचं झाकण बंद करून स्विच मॅकवर न्या, जेवून या, परत या, व्हीपीएन चालू आहे का बघा. स्विच मॅकवर असताना डेस्कटॉप बंद करून चालू करा आणि तो ४के मध्येच उठतो का पाहा. काळ्या टर्मिनलवर लाल बारीक अक्षरं वाचून बघा. मेन स्विच पाडा, पाच मिनिटांनी चालू करा, आणि केव्हीएम कुठल्या पोर्टवर उठतो ते पाहा. यातलं एकही जमलं नाही तर तो खोका परत पाठवा, सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.